तीस टक्के, एक्कावन्न टक्के की मंडळ? युनियनच्या कायद्यासाठी जोर कुठे लावायचा

चाकण, रांजणगाव, तळेगाव, पिरंगुट. पुण्याभोवतालच्या कुठल्याही औद्योगिक पट्ट्यात चार कारखान्यांतली मंडळी एकत्र बसली की 'युनियन करणं सोपं व्हावं असा कायदा हवा' यावर लगेच एकमत होतं, आणि पुढच्याच बैठकीत गाडं अडतं. कारण मागण्या तीन निघतात. पहिला गट म्हणतो, केंद्राची नवी औद्योगिक संबंध संहिता आलीच आहे, तर तिच्या राज्य नियमांवर जोर लावू. दुसरा म्हणतो, महाराष्ट्राचा युनियनच्या मान्यतेचा १९७१ चा कायदा हातात आहे, तो वाचवा आणि सुधारा. तिसरा गट बहुधा ठेकेदाराकडच्या पोरांचा. त्यांचं म्हणणं, या दोन्हींत आमचं नावच नाही, आम्हाला माथाडी, म्हणजे हमाल, कामगारांसारखं मंडळ द्या. आठवड्याची सुट्टी एकच, तीही सगळ्यांची वेगवेगळ्या वारी, त्यामुळे तिन्हीकडे धावण्याची ताकद कुणातच नसते.

मान्यतेसाठी किती टक्के सभासद हवेत, यावरून वाद फार होतात. मी आधी वेगळाच प्रश्न विचारतो: सभासद वर्गणीची पहिली पावती फाटल्यापासून मॅनेजमेंट बोलणीला बसेपर्यंत जे महिने जातात, त्या काळात पुढाकार घेणाऱ्यांना कोण वाचवतं? युनियन मोडते ती याच महिन्यांत. कुणाची दूरच्या प्लांटला बदली होते, कुणाच्या हातात चार्जशीट पडते, ट्रेनी असेल तर 'उद्यापासून येऊ नको' एवढ्यावर भागतं. तिन्ही रस्ते या एका कसोटीवर घासून बघण्यासारखे आहेत.

हिशेबासाठी एक कारखाना धरू. कंपनीच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, २४० कामगार, ठेकेदारांकडे ५००, शिवाय दीडेकशे अप्रेंटिस. नोंदणीसाठी मस्टरवरच्यांपैकी १० टक्के किंवा १०० यांतला कमी आकडा लागतो, म्हणजे इथे २४ सभासद. ही अट पूर्वीच्या कायद्यातही होती, संहितेतही आहे. नोंदणी हा अडथळा नाहीच. युनियन नोंदवून घ्यायला मालकाची परवानगी लागत नाही, पण तिच्याशी बोलायला त्याला भाग पाडणं ही वेगळी लढाई.

संहिता २०२० साली संसदेत मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्यात कारखान्यात एकापेक्षा जास्त युनियन असतील तर मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन वाटाघाटी करणारी एकमेव युनियन ठरते. आपल्या कारखान्यात म्हणजे १२३ जण. तेवढे कुणाकडेच नसतील तर किमान २० टक्के, इथे किमान ४८, कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनची मिळून परिषद बसते. कारखान्यात एकच युनियन असेल तर तिला मान्यता द्यायचीच, पण 'विहित निकषांना अधीन राहून'. खरी मेख या शब्दांत आहे. निकष कोणते आणि पाठिंबा मोजायचा कसा, हे नियमांनी ठरतं, आणि खासगी कारखान्यांसाठी ते नियम राज्य सरकारचे. नियमांचा मसुदा राजपत्रात येतो, हरकती मागवल्या जातात, आणि पुढे नियम बदलायचा झाला तर विधेयक आणावं लागत नाही. छोट्या गटाला हात घालता येईल अशी हीच जागा.

मागायचं काय, तर गुप्त मतदान. पावत्यांवरची पडताळणी म्हणजे काय ते ज्याने पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. पावतीपुस्तकाची स्थळप्रत, तिच्यावर नाव, टोकन नंबर, महिना, वर्गणी, सही. मस्टरवर आडनाव आधी, पावतीवर शेवटी, एखाद्याची आद्याक्षरं वेगळी, की झाली हरकत. त्याहून वाईट म्हणजे पडताळणीच्या निमित्ताने सभासदांची यादीच मालकासमोर येते. १९८२ च्या गिरणी संपात मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा ही मागणी का होती, ते इथे कळतं: कामगार दत्ता सामंतांच्या मागे आणि कायद्याने प्रातिनिधिक संघटना मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघच. पुढे १९९५ मध्ये अन्न महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गुप्त मतदानाची कार्यपद्धती घालून दिली, त्यामुळे ही मागणी हवेतली म्हणता येत नाही.

पण कसोटीवर संहिता कमी पडते. अनुचित कामगार प्रथेला, म्हणजे युनियन केली म्हणून सूड घेण्यासारख्या प्रकारांना, दहा हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे, वाचायला बरा वाटतो, मात्र न्यायालय दखल घेणार ती सरकारने किंवा सरकारच्या अधिकाराने तक्रार झाली तरच. कामावरून काढलेल्या माणसाला समेट अधिकाऱ्याकडे अर्ज, ४५ दिवसांची वाट, मग न्यायाधिकरण. तोवर गेटवरची पोरं घाबरून गप्प झालेली असतात. संपाची धमकी द्यावी तर १४ दिवसांची नोटीस, आणि निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच.

१९७१ च्या कायद्याचं मोठेपण इथे दिसतं. नाव लांबलचक, कामगार संघांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबतचा अधिनियम, म्हणून इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून सगळे नुसतं 'पल्प' म्हणतात. तो अमलात आला १९७५ मध्ये. पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या उपक्रमात ३० टक्के सभासद असलेली युनियन मान्यतेसाठी थेट औद्योगिक न्यायालयात जाते. आपल्या कारखान्यात ७२ जण. अट अशी की ते सभासदत्व अर्जाआधी सलग सहा महिने टिकलेलं हवं. म्हणजे वाचवायचे महिने कायद्यानेच वाढवून ठेवलेत. पण त्या महिन्यांसाठी हत्यारही त्यानेच दिलंय: ९० दिवसांच्या आत युनियन किंवा एकटा कामगारसुद्धा स्वतः न्यायालयात तक्रार करू शकतो, सरकारच्या शिफारशीची गरज नाही, आणि अंतरिम आदेश मिळू शकतो. आदेश मोडला तर तुरुंगवासाची तरतूद आहे. सूडबुद्धीने कामावरून काढणं, वर्षानुवर्षं टेंपररी ठेवून पर्मनंट न करणं, दोन्ही अनुचित प्रथांच्या यादीत आहेत. मालकाच्या हितासाठी उभ्या केलेल्या युनियनला मान्यता नाकारायचा अधिकारही न्यायालयाला आहे. दिशाभूल करणारी 'इंटर्नल' युनियन ज्यांनी पाहिली, त्यांना याची किंमत कळेल.

मग सगळे याच मोहिमेत का नाहीत? कारण पाय कुठे रोवायचे ते डळमळीत आहे. संहितेने रद्द केलेल्या तीन केंद्रीय कायद्यांत 'पल्प' नाही. पण कामगार हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणारा विषय, आणि जिथे राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत ठरेल तिथे घटनेच्या कलम २५४ प्रमाणे केंद्राचा वरचढ. तीस टक्के आणि एक्कावन्न टक्के एकत्र कसे नांदणार, यावर वकील वर्षं काढतील. राज्याला आपली तरतूद वरचढ ठेवायची तर विधिमंडळात दुरुस्ती आणि वर राष्ट्रपतींची संमती. हे एका तालुक्याच्या गटाचं काम नाही, सगळ्या केंद्रीय कामगार संघटनांनी मिळून रेटायचं आहे. गटाने सह्या द्याव्यात, माणसं द्यावीत, पण नेतृत्वाच्या नादी लागू नये.

आता ठेकेदाराकडचे ५००. वरच्या दोन्ही हिशेबांत ते शून्य धरले गेले, हे लक्षात आलं असेल. मस्टर कंपनीचं, यांची नावं ठेकेदाराकडे. दर दोन वर्षांनी ठेकेदाराचं नाव बदलतं, पीएफच्या नोंदीत आस्थापना बदलते, मशीन मात्र तेच. 'पल्प'चा दरवाजाही यांना अर्धवटच उघडा. कल्याणी स्टील्समधल्या कँटीन कामगारांच्या प्रकरणात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मालक-कामगार नातं वादातीत असेल किंवा आधी सिद्ध झालं असेल तरच या कायद्याखाली तक्रार चालेल. अप्रेंटिस तर संहितेच्या व्याख्येप्रमाणे कामगारच नाहीत.

म्हणून तिसऱ्या गटाला मी हट्टी म्हणणार नाही. १९६९ चा माथाडी कायदा इतर कायद्यांतून सुटलेल्या कामगारांना धरण्यासाठीच झाला. मालक आणि हमाल दोघांची नोंद मंडळाकडे, मजुरी आणि वरची लेव्ही (मजुरीवर आकारलेली जादा रक्कम) मंडळात भरायची, पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी मंडळामार्फत. मालक रोज वेगळा असला तरी ओळख एकच. त्यामागे मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत अशी माणसं होती. आधी संघटना, मग कायदा, हा क्रम विसरू नये. १९८१ मध्ये सुरक्षारक्षकांसाठी याच धर्तीवर कायदा झाला. डिलिव्हरीवाल्यांसाठी राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकने २०२५ मध्ये मंडळाचे कायदे केले. कर्नाटकात प्लॅटफॉर्मकडून १ ते ५ टक्के कल्याण शुल्क आणि कामगाराचं काम बंद करण्याआधी प्लॅटफॉर्मने द्यायची १४ दिवसांची नोटीस आहे. वाटाघाटीचा हक्क मात्र त्यातून मिळत नाही. आणि माथाडीच्या नावावर वसुली करणाऱ्यांनी औद्योगिक पट्ट्यात जे नाव खराब केलंय, त्याचं उत्तर मागणी घेऊन जाणाऱ्याला पहिल्याच भेटीत द्यावं लागतं.

गटात पर्मनंट कामगार जास्त असतील तर वेळ राज्य नियमांवर घाला, आणि तिथे गुप्त मतदानाबरोबर दोन गोष्टी मागा: पडताळणी पुरी करायची ठराविक मुदत, आणि नोंदणीचा अर्ज केल्यापासून मान्यतेचा निर्णय होईपर्यंत पदाधिकाऱ्यांची बदली किंवा बडतर्फी पूर्वपरवानगीशिवाय नको. दुसरी मागणी नियमांच्या कक्षेबाहेरची आहे असं उत्तर येईल. येऊ द्या, ते लेखी घ्या, कायदादुरुस्तीच्या मोहिमेला तोच कागद लागेल. ठेकेदारीतले जास्त असतील तर मंडळाची मागणी धरा आणि नियमांच्या बैठकांना एक माणूस पाठवत राहा. मिश्र गट असेल तर निर्णय ठेकेदारीतल्यांवर सोपवावा असं मला वाटतं, कारण बहुतेक प्लांटमध्ये संख्या त्यांचीच जास्त आणि गमवायची भीतीही त्यांनाच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार भारताने अजून स्वीकारलेले नाहीत, त्यासाठीही मोहीम आहे. ती दिल्लीवाल्यांना करू द्या.

एकच खबरदारी. हरकतीचं पत्र कारखान्याच्या नावाने आणि सगळ्यांच्या सह्यांनी पाठवू नका. ते वाचायला फक्त सरकारच बसलेलं नसतं. नोंदणीकृत युनियनच्या लेटरहेडवर, अध्यक्ष-सरचिटणीसांच्या सहीने, नियम क्रमांक आणि सुचवलेला शब्दन् शब्द लिहून द्या, आणि पोचेवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.