गुलमर्ग की औली?

फेब्रुवारीत आठवडाभर स्कीइंगला जायचं, पण काश्मीरमधलं गुलमर्ग की उत्तराखंडमधली औली, यावर मैत्रिणीचं अडलंय.

खरा फरक उंचीचा. गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर आहे आणि तिथला गोंडोला (केबल कार) दोन टप्प्यांत अफरवाट डोंगरावर, 3,900 मीटरच्या वर नेतो. तिथे भुसभुशीत ताजा बर्फ आणि लांबलचक उतार मिळतात. मात्र आखलेल्या वाटा थोड्याच, हिमस्खलनाचा धोकाही मोठा. माहितगार वाटाड्याशिवाय तिकडे अजिबात जाऊ नका. औलीचे उतार साधारण 2,500 ते 3,000 मीटरवर, सौम्य, समोर नंदादेवी! बर्फ मात्र बेभरवशाचा.

श्रीनगर विमानतळावरून गुलमर्गला दोनेक तासांत पोचता येतं. औलीसाठी ऋषिकेशहून पायथ्याच्या जोशीमठपर्यंतच अडीचशे किलोमीटरचा घाटरस्ता आहे, म्हणजे जाऊन-येऊन दोन दिवस प्रवासातच. 2023 मध्ये जोशीमठची जमीन खचली तेव्हा तिथून औलीला जाणारा रोपवे बंद झाला, त्यामुळे वरपर्यंत गाडीचीच तयारी ठेवा.

खर्चात गुलमर्ग जड, विमान आणि गोंडोलामुळे.

पायात स्की कधीच घातली नसेल आणि सुट्टी भरपूर असेल, तर औलीला गढवाल मंडल विकास निगम या सरकारी पर्यटन संस्थेचा 7 किंवा 14 दिवसांचा कोर्स करा. वळणं-थांबणं जमत असेल किंवा दिवस मोजकेच असतील, तर गुलमर्गच.