आरोग्याचा एफएसए आणि पाळणाघराचा एफएसए : अमेरिकेतील नोकरदार कुटुंबांनी कशात किती भरावे?

अमेरिकेत नोकरी करणाऱ्यांसमोर साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओपन एनरोलमेंटचा, म्हणजे पुढील वर्षाचे लाभ निवडण्याचा, फॉर्म येतो. त्यात फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट, अर्थात एफएसए, या नावाची दोन खाती बहुधा लागोपाठ दिलेली असतात : एक वैद्यकीय खर्चासाठी, दुसरे मुलांच्या किंवा अवलंबितांच्या सांभाळासाठी. दोन्हींत पैसे पगारातून कर लागण्याआधीच वळते होतात, दोन्हींची रक्कम वर्ष सुरू होण्यापूर्वी ठरवावी लागते आणि लग्न, अपत्यजन्म, जोडीदाराच्या नोकरीतील बदल अशा ठरावीक कारणांवाचून ती मध्येच बदलता येत नाही. साम्य येथेच संपते. आरोग्याच्या खात्यात खात्रीच्या खर्चाएवढेच पैसे ठेवावेत. पाळणाघराच्या खात्यात मात्र, पतिपत्नी दोघेही कमावते असतील आणि पाळणाघराचे बिल तेवढे होत असेल, तर बहुतेकांनी मर्यादेपर्यंत भरायला कचरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०२६ साठी आरोग्याच्या एफएसएची मर्यादा ३,४०० डॉलर आहे. सांभाळाच्या खात्याची मर्यादा अनेक वर्षे ५,००० डॉलरवर अडकलेली होती. जुलै २०२५ मधील कायद्याने ती २०२६ पासून ७,५०० डॉलर केली. पतिपत्नी वेगवेगळे विवरणपत्र भरत असतील तर ती प्रत्येकी ३,७५० डॉलर आहे. मात्र वाढीव मर्यादा कंपनीने आपल्या योजनेत स्वीकारली आहे का, हे आधी एचआरकडून विचारून घ्यावे. शिवाय चढ्या पगाराच्या कर्मचाऱ्यांनाच या खात्याचा अधिक लाभ मिळत नाही ना, याची चाचणी कंपनीला द्यावी लागते आणि तीत योजना नापास झाली तर अशा कर्मचाऱ्यांची रक्कम वर्षाच्या मध्यातही कमी केली जाऊ शकते.

पैसे हाती केव्हा येतात, हा पहिला मोठा फरक. आरोग्याच्या खात्यात आपण वर्षासाठी ठरवलेली पूर्ण रक्कम पहिल्याच दिवसापासून वापरता येते. समजा, आपण २,४०० डॉलर निवडले आणि जानेवारीतच रूट कॅनाल व क्राउन करावे लागले, तर पगारातून जेमतेम २०० डॉलर कापले गेलेले असतानाही सगळे बिल त्यातून भागवता येते. सांभाळाच्या खात्यात जेवढे जमा झाले असेल तेवढेच मिळते, म्हणून पाळणाघराचे पैसे आधी खिशातून भरून नंतर थोडेथोडे परत घेण्याची तयारी ठेवावी लागते. जानेवारीच्या सांभाळासाठी डिसेंबरमध्ये आगाऊ भरलेली फीसुद्धा, मूल प्रत्यक्ष तेथे सांभाळले गेल्यावरच, जानेवारीच्या खर्चात धरली जाते.

वर्षअखेरीस उरलेल्या पैशांचे काय होते, हे अधिक महत्त्वाचे. एरवी ते बुडतात. आरोग्याच्या खात्यातून पुढील वर्षात काही रक्कम नेण्याची मुभा कंपनी देऊ शकते (२०२६ मधून जास्तीत जास्त ६८० डॉलर), किंवा त्याऐवजी अडीच महिन्यांची वाढीव मुदत देऊ शकते. दोन्ही एकत्र देता येत नाहीत आणि यांपैकी काही देण्याचे बंधनही नाही. सांभाळाच्या खात्याला वाढीव मुदत मिळू शकते, पण रक्कम पुढे नेण्याची सोय नाही. मात्र पाळणाघराचे महिन्याचे बिल आपल्याला आधीच ठाऊक असते आणि दर किंवा पाळणाघर बदलले तर कापली जाणारी रक्कम बदलण्याची मुभाही नियम देतात. आजारपणाचा असा अंदाज कुणालाच बांधता येत नाही. म्हणून आरोग्याची रक्कम ठरवताना नेहमीची औषधे, चष्मा, दातांची ठरलेली कामे आणि को-पे (दर भेटीला आपण भरायचा वाटा) एवढ्यांचीच बेरीज करावी. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधे आणि सॅनिटरी पॅड २०२० च्या कायद्यापासून यात धरले जातात. विम्याचे हप्ते धरले जात नाहीत.

सुट्टीत पुण्याला किंवा कोल्हापूरला जाऊन दातांची कामे उरकणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की भारतात घेतलेले उपचारही या खात्यातून भरून मिळू शकतात. पावतीवर रुग्णाचे नाव, दवाखान्याचे नाव, उपचाराची तारीख, नेमका उपचार आणि रक्कम हे सारे स्पष्ट हवे. नुसते ‘ट्रीटमेंट चार्जेस’ लिहिलेल्या कागदावर दावा मंजूर होण्याची आशा धरू नये. तेथून आणलेली औषधे आणि सुट्टीच्या प्रवासाचे विमान तिकीट यांत बसत नाही. व्हिजिटर व्हिसावर काही महिने आलेल्या आईवडिलांचा खर्चही सहसा बसत नाही, कारण करनियमांनुसार ते आपले अवलंबित ठरत नाहीत.

सांभाळाच्या खात्याची खरी मेख पात्रतेत आहे. मूल १३ वर्षांखालील हवे आणि पतिपत्नी दोघेही नोकरी करणारे, नोकरी शोधणारे किंवा पूर्णवेळ विद्यार्थी हवेत. दोघांपैकी ज्याची कमाई कमी, त्याच्या कमाईपलीकडे करमुक्त लाभ मिळत नाही. काम करण्याची परवानगी नसलेला, एच-४ (एच-१बी कर्मचाऱ्याच्या कुटुंबीयांचा व्हिसा) वरील जोडीदार पूर्णवेळ शिकत नसेल, तर मूल कितीही महागड्या पाळणाघरात जात असले तरी हे खाते उघडू नये. प्रीस्कूल, शाळेआधीचा व नंतरचा सांभाळ आणि उन्हाळ्यातील डे कॅम्प चालतो. किंडरगार्टन व त्यापुढील शाळेची फी आणि मुक्कामी कॅम्प चालत नाही. विवरणपत्रासोबत फॉर्म २४४१ मध्ये सांभाळणाऱ्याचा कर क्रमांक द्यावा लागतो, त्यामुळे रोख पैसे घेऊन घरी मुले सांभाळणाऱ्या ताई तो द्यायला तयार नसतील, तर हे खाते अडचणीचे ठरते.

खाते न उघडता चाइल्ड केअर टॅक्स क्रेडिट, म्हणजे सांभाळाच्या खर्चापोटी करातून थेट मिळणारी सूट, घेण्याचा पर्यायही तोलून पाहावा. २२ टक्के केंद्रीय कर आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्के भरणाऱ्या घराचे, ७,५०० डॉलर खात्यात टाकल्यास, सुमारे २,२२० डॉलर वाचतात. एवढ्या उत्पन्नाच्या घराला क्रेडिट २० टक्के दराने मिळाले, तर एका मुलामागे ६०० आणि दोन किंवा अधिक मुले असतील तर एकूण १,२०० डॉलर. मात्र १२ टक्के कराच्या गटातील, दोन मुलांच्या घराला २०२६ मध्ये क्रेडिट किमान ३५ टक्क्यांनी, म्हणजे ६,००० डॉलरवर किमान २,१०० डॉलर मिळू शकते आणि खात्यातून वाचतात सुमारे १,४७० डॉलर. तेथे क्रेडिटच सरस. खात्यातून घेतलेली रक्कम क्रेडिटच्या मर्यादेतून वजा होते, त्यामुळे दोन्ही पूर्ण मिळत नाहीत.

एका जोडीदाराचा एचएसए (हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, म्हणजे आरोग्य खर्चासाठीचे करमुक्त बचत खाते) असेल तर दुसऱ्याने आपल्या कंपनीत आरोग्याचा सर्वसाधारण एफएसए घेऊ नये. त्यामुळे पहिल्याची एचएसएमध्ये पैसे भरण्याची पात्रताच जाते. अशा वेळी फक्त दात व डोळ्यांपुरता मर्यादित एफएसए कंपनीकडे आहे का, ते पाहावे. सांभाळाच्या खात्याचा एचएसएशी असा काही संघर्ष नाही.

नोकरी जाण्याची धाकधूक असणाऱ्यांसाठी, विशेषतः एच-१बी वरील कुटुंबांसाठी, आणखी एक फरक. आरोग्याच्या खात्यातून आपण भरल्यापेक्षा जास्त खर्च करून झाला असेल तर कंपनी तो फरक वसूल करू शकत नाही. उलट पैसे शिल्लक असतील तर नोकरी सुटल्यानंतरच्या उपचारांसाठी, कोब्रा (नोकरी सुटल्यावरही कंपनीची आरोग्य योजना स्वखर्चाने चालू ठेवण्याची सोय) घेतल्याशिवाय, ते सहसा वापरता येत नाहीत. त्यामुळे ठरलेली दातांची, चष्म्याची कामे अशा कुटुंबांनी वर्षाच्या पहिल्या तिमाहीतच करून घ्यावीत. सांभाळाच्या खात्यातील जमा रक्कम नंतरही वर्षअखेरपर्यंत वापरू देणाऱ्या योजना असतात, पण त्या सर्वत्र नसतात. आपल्या कंपनीच्या योजनेच्या माहितीपत्रकात ते वाक्य फॉर्म भरण्याआधीच शोधावे.