आर्मेनियन शहरी सिनेमा बघायचाय? आधी टॅक्सीवाले की लोहार?

मोठं कथानक नको, चार माणसं, त्यांची थट्टामस्करी, छोटे छोटे प्रसंग आणि मागे शहर, असं काही आर्मेनियन बघायचं असेल तर माझ्या मते सुरुवातीला दोनच नावं पुरेत. एक, एदमोंद केओसायानचा १९७२ चा 'त्घामार्दिक', म्हणजे पुरुष. दुसरा, हेन्रिक माल्यानचा १९६७ चा 'येरांक्युनी', म्हणजे त्रिकोण. दोन्हीत फ्रुंझिक म्कर्त्च्यान आहे. हा कोण विचाराल तर आपल्या धर्मेंद्र-हेमाच्या 'अलिबाबा और ४० चोर'मध्येही होता तो, ते नाक एकदा बघितलं की माणूस विसरत नाही.

'त्घामार्दिक'मध्ये येरेवानमधले, म्हणजे आर्मेनियाच्या राजधानीतले, चार टॅक्सी ड्रायव्हर आहेत, जिगरी दोस्त. त्यातला एक प्रेमात पडतो, पण तिच्याशी बोलायची टाप नाही, मग बाकीचे तिघं कंबर कसून मदतीला येतात आणि मदत कसली, नुसता गोंधळ. हलकाफुलका आहे, रोबेर्त अमिरखान्यानचं संगीत गोड आहे आणि आर्मेनियात हा सिनेमा इतका लाडका आहे की या चौघांचा पुतळा उभारलाय येरेवानमध्ये. पण एक सांगतो, मुलीला पटवायची ती धडपड आज बघताना मधेमधे खटकते, तिला काय वाटतं हे सिनेमा फारसं विचारतच नाही.

'येरांक्युनी' वेगळाच. गाव लेनिनाकान, म्हणजे आजचं ग्युम्री, जिथली माणसं आर्मेनियाभर विनोदासाठी प्रसिद्ध. पाच लोहार, एक भट्टी, आणि त्यांच्यातल्या एकाचा मुलगा हे सगळं आपल्याला सांगतो. ब्लॅक अँड व्हाइट. इथे दोस्ती बोलून दाखवत नाहीत, ती एकत्र राबण्यात दिसते आणि फ्रुंझिक तर इथलाच, जन्म लेनिनाकानचा, त्यामुळे तो नुसता उभा राहिला तरी खरा वाटतो. शिवाय ७ डिसेंबर १९८८ च्या भूकंपात या शहराचा बराच भाग कोसळला, ते माहीत असलं की साध्या साध्या प्रसंगांनाही वेगळं वजन येतं. फक्त गती संथ आहे, मोबाइल हातात घेऊन बघायचा असेल तर राहू द्या.

मला विचाराल तर सिनेमा म्हणून 'येरांक्युनी' सरळ उजवा. पण आर्मेनियन काहीच बघितलं नसेल, घरचे सोबत असतील, जेवता जेवता लावायचा असेल तर 'त्घामार्दिक'च घ्या, कारण पहिल्याच फटक्यात लोहार लावलेत तर घरचे अर्ध्यातून उठून जातील. आणि काहीही लावा, सबटायटल्स आधी पाच मिनिटं तपासा, टॅक्सीवाल्यांची सगळी मजा त्यांच्या बडबडीत आहे, ती कळली नाही तर उरतं काय.