जुनं आउटबोर्ड: कार्ब्युरेटर साफ करावा की नवा बसवावा?

होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या जुन्या आउटबोर्डची दोरी ओढली की इंजिन फुरफुरतं आणि बंद पडतं. कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खोलू की बदलू, असं एकाने विचारलंय. आधी प्लगची ठिणगी बघा. ती नसेल तर दोन्ही खटाटोप वाया.

खर्चात साफसफाई सरस. गॅस्केट (जोडातली पातळ पट्टी), नीडल व्हॉल्व्ह (पेट्रोल आत सोडणारी सुईसारखी झडप), फार तर फ्लोट (ती झडप उघडबंद करणारा तरंगता तुकडा) लागतो. कॉर्कचा फ्लोट पेट्रोल पिऊन जड झाला असेल तर बदलाच. मेहनत मात्र इथेच जास्त. जेटची, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळ्यांची, भोकं हवेच्या झोताने मोकळी करा, तार घालू नका. भोक मोठं झालं की मिश्रण बिघडलंच.

नवा पटकन बसतो, पण नकली माल असेल तर मापात फरक निघू शकतो. आणि ट्यूनिंग काही सुटत नाही! स्लो-स्पीडचा स्क्रू (कमी वेगातलं मिश्रण ठरवणारा) हलक्या हाताने बंद करून साधारण दीड फेरी उघडा. मग इंजिन गरम झाल्यावर, पाण्यात, गिअर टाकून जरा जरा फिरवा. इंजिन शिंकलं तर पेट्रोल कमी पडतंय. धुरकटून अडखळलं तर जास्त होतंय.

बॉडी धड असेल आणि हाताशी वेळ असेल तर साफच करा. खाऱ्या पाण्याने बॉडी खाल्ली असेल किंवा थ्रॉटलचा (वेग कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा) दांडा ढिला होऊन हवा ओढत असेल, तर नवाच घ्या.