७२०० आरपीएमची हार्डडिस्क घेऊन नक्की काय मिळालं?

दिवाळीच्या सुमारास घरच्या डेस्कटॉपला ७२०० आरपीएमची, म्हणजे आतली चकती मिनिटाला ७२०० फेरे मारणारी, २ टीबीची हार्डडिस्क बसवली. आधीची १ टीबीची होती, ५४०० ची. मधे अकोल्याचा अख्खा उन्हाळा तिने काढला, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. रोजच्या कामासाठी केवळ आरपीएम बघून जास्तीचे पैसे घालायची गरज नाही. फरक पडतो तो मोजक्या ठिकाणी.

माझं काम साधंच आहे. टॅली, एक्सेल, जीएसटीचं पोर्टल आणि ब्राउझरमध्ये कायम उघडे वीसेक टॅब. शिवाय भाचा लग्नाचं शूटिंग करतो, त्याचं एडिटिंग अधूनमधून याच मशीनवर चालतं.

दुकानदार म्हणाला होता, "साहेब, ५४०० आता कोण घेतं? ७२०० टाका, मशीन पळेल." वेग ३३ टक्के जास्त, हे खरंच आहे. पण हा वेग चकतीचा, कामाचा नव्हे. ५४०० ची चकती सेकंदाला ९० फेरे मारते, ७२०० ची १२०. हवी ती माहिती हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे एकीला साधारण ५.६ मिलिसेकंद आणि दुसरीला ४.२. पण त्याआधी हेड धरणाऱ्या आर्मला योग्य ट्रॅकवर, म्हणजे चकतीवरच्या योग्य वर्तुळावर, जाऊन थांबावं लागतं, आणि त्यातच आठ-नऊ मिलिसेकंद जातात. आर्मचे नऊ धरले तर एकूण १४.६ विरुद्ध १३.२. तेहतीस टक्क्यांचे झाले जेमतेम दहा! विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली इकडून तिकडून गोळा करते, त्यामुळे तिथे हाच हिशेब लागू पडतो. नवी डिस्क लावल्यावर मशीन सुरू व्हायला थोडा कमी वेळ लागायचा, पण टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसायची ती दिसायचीच. अपडेट आणि अँटीव्हायरस एकदम सुरू झाले की टॅलीचं व्हाउचर सेव्ह होईपर्यंत चहा पिऊन यावं.

होळीच्या आसपास विंडोज आणि टॅलीचा डेटा एका साध्या साटा एसएसडीवर (चकतीऐवजी चिपमध्ये माहिती ठेवणारी डिस्क) हलवला, अगदी स्वस्तातल्या. तिच्यात फिरणारं काहीच नसल्यामुळे वर सांगितलेले तेरा-चौदा मिलिसेकंद जवळपास पुसलेच जातात, ०.१ च्याही खाली येतात. डिस्कचा वेग मोजणाऱ्या क्रिस्टलडिस्कमार्कच्या ४के रँडमच्या, म्हणजे विखुरलेले बारीक तुकडे वाचायच्या, ओळीत हार्डडिस्क सेकंदाला अर्धा-पाऊण एमबीवर रेंगाळते, तिथे एसएसडीने तीसच्या पुढचा आकडा दाखवला. बाकी मशीन तेच, रॅम तीच. बायकोने विचारलं, नवा कॉम्प्युटर आणला का.

मग ७२०० वाया गेली का? तसंही नाही. मोठ्या सलग फायलींत ती चांगली धावते. डिस्कच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे चकतीच्या बाहेरच्या कडेला, सेकंदाला दोनशे एमबीच्या आसपास मिळतात. जुनी शंभर-एकशे दहाला दमायची. पण याचं सगळं श्रेय आरपीएमला देऊ नका. नव्या चकतीवर माहिती जास्त दाट लिहिलेली असते, म्हणून एका फेऱ्यात जास्त बाइट हेडखालून जातात. आजची ५४०० चारेक पिढ्या जुन्या ७२०० ला सलग वाचनात सहज मागे टाकू शकते. शिवाय डिस्क भरत आली की आतल्या ट्रॅकवर हाच वेग निम्म्याजवळ येतो, हे खोक्यावर कोणी छापत नाही.

आणि हा वेग वापरायला तरी कुठे मिळतो? भाच्याच्या कॅमेऱ्यातलं यूएचएस-१ प्रकारचं मेमरी कार्ड सेकंदाला फार तर १०४ एमबी देणार. घरातल्या गिगाबिट नेटवर्कवर एकशे दहा-पंधराच्या पुढे जाता येत नाही. म्हणजे बहुतेक वेळा डिस्कच समोरच्याची वाट बघत असते. फरक खरा दिसला तो एडिटिंगमध्ये. १०० मेगाबिटचा ४के व्हिडिओ सेकंदाला साडेबारा एमबीच मागतो, एकच क्लिप असेल तर जुनी डिस्कही आरामात चालवते. पण टाइमलाइनवर तीन कॅमेऱ्यांच्या क्लिप एकाखाली एक लावून भाचा पुढे-मागे सरकवू लागला की हेडची धावपळ होते. तिथे जुनी अडखळायची, ही सांभाळून घेते. "मामा, ही काढू नका," एवढंच तो म्हणाला.

आता त्रासाचं. ही डिस्क गुणगुणते. १२० फेरे म्हणजे १२० हर्ट्झचा बारीक घुमारा, आणि माझ्या पातळ पत्र्याच्या कॅबिनेटने तो आणखी मोठा केला. दिवसा पंख्याच्या आवाजात कळत नाही, रात्री पंखा बंद केला की डोक्यात बसतो. स्क्रूखाली रबरी वॉशर टाकले तेव्हा निम्म्यावर आला. उन्हाळ्यात डिस्कचं तापमान दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ५२-५३ अंश दिसायचे. कंपन्या सहसा ६० पर्यंत चालेल म्हणतात, पण मे महिन्यात मी कॅबिनेटची बाजू उघडीच ठेवली होती. जुनी डिस्क त्याच कॅबिनेटमध्ये चार-पाच अंश थंड राहायची. विजेचा फरक दोन-तीन वॉटचा, बिलात शोधूनही सापडणार नाही.

सध्या मांडणी अशी आहे: एसएसडीवर विंडोज आणि टॅली, ७२०० वर भाच्याचं चालू काम, आणि जुनी ५४०० बाहेरच्या केसमध्ये घालून बॅकअपला. बॅकअप रात्री चालतो, तिथे घाई कोणाला आहे? सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमध्ये तर कमी आरपीएमच्या डिस्क वर्षानुवर्षे चोवीस तास लिहीत असतात.

घ्यायचीच असेल तर दुकानात आरपीएमच्या आधी सीएमआर आहे की एसएमआर ते विचारा. हे माहिती लिहायचे दोन प्रकार. सीएमआरमध्ये ट्रॅक शेजारीशेजारी सुटे असतात, एसएमआरमध्ये कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे मधलं काही बदलायचं तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात, आणि मोठी कॉपी चालू असताना वेग अचानक वीस-तीस एमबीवर कोसळू शकतो. ७२०० चा शिक्का त्यावर काही इलाज करत नाही. दुकानदाराला माहीत नसेल तर मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर बघा, दोन मिनिटांचं काम आहे.