पंपाच्या प्राइमिंगला स्टार्च की अल्ब्युमिन?

हृदयाच्या शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या नळ्या आधी भरून घेण्यालाच (प्राइमिंग) एक ते दीड लिटर द्रव लागतो, त्यामुळे रक्त पातळ स्टार्च आणि अल्ब्युमिन दोन्हींनी होतंच. पण ६ टक्के हायड्रॉक्सिएथिल स्टार्च (पिष्टापासून बनवलेला, शिरेतून द्यायचा द्रव) तेवढ्यावर थांबत नाही: फॅक्टर ८ आणि फॉन विलेब्रँड फॅक्टर हे रक्त गोठवणारे घटक खाली येतात, प्लेटलेट्स नीट चिकटत नाहीत, फायब्रिनची (गुठळी बांधणाऱ्या धाग्यांची) जाळी विसविशीत विणली जाते. रोटेम या रक्त गोठण्याच्या चाचणीत फिबटेमची, म्हणजे गुठळीतला फायब्रिनचा वाटा दाखवणाऱ्या आलेखाची, उंची घसरलेली दिसते. अशा वेळी प्रोटामिन (रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपॅरिनचा उतारा) वाढवत बसू नये, जादा प्रोटामिनने रक्तस्राव उलट वाढतो; फायब्रिनोजेन (ज्यापासून फायब्रिन बनतं ते प्रथिन) द्यावं. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०१३ मध्येच या रक्तस्रावाचा इशारा दिला होता.

अल्ब्युमिन (रक्तातलंच एक प्रथिन, ४-५ टक्के) महाग, पण नळ्यांना आतून लेप देतं, म्हणून प्लेटलेट्स तिथे कमी चिकटतात. जास्त ओतलं तर मात्र तेही गुठळी कमकुवत करतं.