एनव्हीडीए: पतसंस्थेच्या टेबलावर कितपत टिकतो?

दृष्टिहीन मुलगा शिकला की वेतानं खुर्च्या विणणं नाहीतर टेलिफोनचा बोर्ड, असं बरीच वर्षं ठरलेलंच होतं. आता पतसंस्था, दूध संस्था, साखर कारखान्याचं शेती ऑफिस, कोल्हापूरलगतच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावातल्या फाउंड्रीचं स्टोअर, कुठंही जा, काम कीबोर्डवर आलंय. त्यामुळं प्रश्न एवढाच उरतो की पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आठ तासांच्या मराठी कामात टिकतं का. हे परीक्षण त्याच अंगानं आहे. नुसतं ‘चालतं हो’ ऐकून पोराला क्लासला घालणाऱ्या पालकांनीही वाचावं.

एनव्हीडीए म्हणजे नॉनव्हिज्युअल डेस्कटॉप ॲक्सेस, असंच पडदा वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी २००६ साली ते लिहायला घेतलं, पुढं जेम्स टेह जोडले गेले. दोघंही स्वतः दृष्टिहीन. विंडोजवर चालतं आणि पूर्ण फुकट आहे. अधिकृत साइटवर डाउनलोड करताना देणगी विचारतात, ती न देताही फाइल मिळते. त्याच कामाचा, पण पैसे मोजून घ्यायचा जॉज जास्त जुना आणि काही ठिकाणी जास्त तयारीचा आहे, पण परवाना नसेल तर तो ४० मिनिटं चालतो आणि मग संगणक पुन्हा चालू करावा लागतो. सरावाला ठीक, कामाला नाही. विंडोजमध्येच येणारा नॅरेटर हा वाचक कंट्रोल, विंडोज, एंटर या कळा एकत्र दाबून चालू होतो. आपलं मशीन बंद पडलं आणि दुसऱ्याच्या मशीनवर बसावं लागलं, तर तेवढ्यापुरता तो उपयोगी.

मशीनचं आधी बोलू, कारण निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात. कोल्हापुरात राजारामपुरीतून जुना लॅपटॉप घेणार असाल तर एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान साठवण) आणि ८ जीबी रॅम बघा. जुन्या हार्ड डिस्कवर आवाज दोन-दोन सेकंद मागं पडतो आणि नवशिक्याला वाटतं, आपण चुकीची कळ दाबली. एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे घासून गेलेत का, ते बोटानं तपासा. हेडफोनची पिन असलेलाच लॅपटॉप घ्या. ब्लूटूथ हेडफोनमध्ये बोलणं थांबलं की आवाजाची वाट झोपी जाते, पुढच्या वाक्याचा पहिला शब्द त्यात गिळला जातो आणि ‘नाही’ गेलं की अर्थ उलटा. विंडोज ७ वरचं जुनं मशीन असेल तर एनव्हीडीएची २०२३.३.४ ही शेवटची आवृत्ती त्यावर बसते. त्यापुढची घालायचा हट्ट करू नये.

बसवल्यावर कंट्रोल, ऑल्ट, एन दाबलं की तो बोलू लागतो. पुढच्या सगळ्या आज्ञा एका ‘एनव्हीडीए कळी’सोबत द्यायच्या: मोठ्या कीबोर्डवर इन्सर्ट, लॅपटॉपवर कॅप्स लॉक सोयीचं. ही निवड पहिल्या दिवशी करा आणि कीबोर्डचा ‘लॅपटॉप’ आराखडाही तेव्हाच निवडा, नाहीतर क्लासमध्ये पाठ केलेल्या आज्ञा घरी चालत नाहीत. एनव्हीडीए कळ आणि १ दाबलं की सराव-मोड सुरू होतो: कोणतीही कळ दाबा, ती कोणती आणि काय करते ते नुसतं सांगतो, बिघडत काही नाही. पहिला आठवडा एवढंच केलं तरी वाया जात नाही. बोलणं तोडायला नुसतं कंट्रोल. मेनू इंग्रजीतच शिकावेत, कारण ऑफिसातलं मशीन इंग्रजीतच असणार.

आता मराठी आवाज. एनव्हीडीएसोबत ईस्पीक एनजी हा संगणकी आवाज येतो, त्यात मराठी आहे. एनव्हीडीए कळ, कंट्रोल, व्ही दाबून व्हॉइसच्या यादीत मराठी निवडायचं. आवाज गोड नाही. पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा आहे आणि पहिल्यांदा ऐकणारा हमखास तोंड वाकडं करतो. पण तो नियमांवर घडवलेला आवाज असल्यानं वेग कितीही वाढवला तरी अक्षरं फाटत नाहीत, आणि कळ दाबल्यावर लगेच बोलतो. कामाला हेच लागतं. एज ब्राउझरमधले आरोही आणि मनोहर हे मराठी आवाज कितीतरी माणसाळलेले आहेत, लेख ऐकायला छान. खतावणी तपासायला मात्र ईस्पीकच. सुरुवातीला वेग ३० टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि दर आठवड्याला पाचानं वाढवा. एकदम ७० वर नेलं की मुलं अंदाजानं ऐकायला शिकतात, ती सवय पुढं आकड्यांत नडते. एक मर्यादा मान्य करून टाकावी: दुनिया या अर्थाचं ‘जग’ आणि जगणे यातलं ‘जग’ लिपीत सारखंच, त्यामुळं या आवाजातही सारखंच.

मराठी टाइप करायला इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड आराखडाच शिकावा, या मतावर आम्ही ठाम आहोत. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारी साधनं पर्यायांची यादी पुढं करतात आणि त्या यादीतलं योग्य रूप निवडायला डोळे लागतात. इनस्क्रिप्टमध्ये एका कळीला एकच अक्षर: स्वर आणि काने-मात्रे डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. ‘कोल्हापूर’ हा शब्द के, ए, एन, डी, यू, ई, एच, टी, जे अशा नऊ कळांत होतो. त्यातली डी म्हणजे पाय मोडायची कळ. वेलांटी दिसते आधी, पण टाइप करायची व्यंजनानंतर, म्हणजे जसं बोलतो तसंच. ज्यानं कागदावरची मराठी कधी पाहिलेलीच नाही त्याला हे उलट सोपं जातं. ३० शब्द प्रति मिनिट हा लिपिकाच्या जाहिरातीतला नेहमीचा मराठी आकडा नियमित सरावानं गाठता येतो.

शुद्धलेखन मात्र कानावर सोडू नये. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या; दुसऱ्यात शिफ्ट आणि जेनं येणारा ‘ऱ’ लागतो. भरधाव ऐकताना हा फरक निसटतो, ह्रस्व-दीर्घाचा तर निसटतोच. त्यासाठी आकड्यांच्या पॅडवरचा ५ (लॅपटॉप आराखड्यात एनव्हीडीए कळ, कंट्रोल आणि टिंब) दोनदा दाबायचा, मग तो शब्द अक्षर-अक्षर फोडून सांगतो. पत्र पाठवण्यापूर्वी नावं, गावं आणि रकमा एवढं तरी असं फोडून ऐकावं.

आता खरी गोम. संस्थेच्या जुन्या फाइली उघडल्या की एनव्हीडीए मध्येच ‘व्ही के जी एस’ असं काहीतरी बरळायला लागतो आणि साहेब म्हणतात, ‘तुमचं ते मशीन बिघडलंय.’ मशीन ठीक आहे. फाइल कृतिदेव फॉन्टमध्ये आहे. या फॉन्टमध्ये ‘आहे’ हा शब्द संगणकाच्या पोटात व्ही, के, जी, एस ही चार इंग्रजी अक्षरं म्हणूनच साठवलेला असतो, फक्त त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवलेला. डोळ्याला मुखवटा दिसतो, एनव्हीडीए पोटातलं वाचतो. फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, बदलून घेणं हाच उपाय, पण बदलणारं साधन नीट पारखून घ्या. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर साठवतात. कच्चं साधन ही अदलाबदल करत नाही. मग ‘कर्ज’चं ‘कजर्’ होतं. पतसंस्थेत हा शब्द दिवसातून दोनशे वेळा येणार! तपासायला पाच शब्दांची फाइल करा: कर्ज, वर्ष, किती, मिळकत, दऱ्या. पाचही नीट वाचले तर साधन ठेवा, नाहीतर दुसरं शोधा.

पीडीएफचं दुखणं याचंच भावंड. युनिकोडमध्ये लिहिलेल्या मराठी मजकुराचीही पीडीएफ केली की आतली अक्षरं बऱ्याचदा विस्कटतात, म्हणून शक्य तिथं मूळ वर्ड फाइलच मागावी. स्कॅन केलेला कागद असेल तर एनव्हीडीए कळ आणि आर दाबून चित्रातला मजकूर ओळखता येतो, पण ते काम विंडोज करतं आणि त्यात देवनागरी नाही. इंग्रजी पत्र निघेल, तलाठ्याचा दाखला निघणार नाही. मराठीसाठी ती फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्सनं उघडायची. फाइल २ एमबीच्या आत आणि कागद सरळ असावा. छापील मजकूर बरा येतो. हाताच्या अक्षरावर अवलंबून राहू नये, रकमा तर नाहीच.

एक्सेलमध्ये एनव्हीडीए मन जिंकतो. ‘खाते क्रमांक, नाव, येणे बाकी’ अशी शीर्षकांची ओळ असते, तिच्या पहिल्या चौकोनात जाऊन एनव्हीडीए कळ, शिफ्ट, सी दाबायचं. त्यानंतर आडवं सरकताना प्रत्येक आकड्याआधी त्याचं शीर्षक ऐकू येतं, आणि ही खूण फाइलमध्येच जतन होते. बिघडतं ते वर ‘श्री’ आणि संस्थेचं नाव लिहायला पाच-सात चौकोन एकत्र केलेले असतात तिथं. बाणानं फिरताना जागेचा हिशोबच चुकतो. ज्यानं फाइल बनवली त्याला ते चौकोन सुटे करायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

वेबवरचे फॉर्म भरताना एच दाबलं की पुढचं शीर्षक, ई दाबलं की लिहायची जागा, बी दाबलं की बटण. ‘नाव टाइप करतोय आणि पानभर उड्या मारतोय’ ही तक्रार आली की समजा, वाचायच्या मोडमध्ये असतानाच लिहिणं चाललंय. एनव्हीडीए कळ आणि स्पेस दाबून मोड बदला. चित्रातला कॅप्चा, म्हणजे ओळखून टाइप करायची वेडीवाकडी अक्षरं, आला आणि आवाजाची सोय नसली, तर तिथं पडदा वाचणारं कुठलंही सॉफ्टवेअर हतबल आहे.

हिशोबाची काही पॅकेजेस स्वतःचा पडदा स्वतःच रंगवतात आणि त्यात काय आहे ते विंडोजला कळवत नाहीत. अशा ठिकाणी एनव्हीडीए गप्प बसतो, अन् कितीही कौशल्य असलं तरी उपयोग नाही. म्हणून मुलाखतीतच विचारा: काम कोणत्या पॅकेजवर आहे? हे विचारायला लाजू नये. ४ टक्के आरक्षण आणि त्यातला दृष्टिदोषासाठीचा १ टक्का दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यानं सरकारी आस्थापनांना लागू आहे. गावच्या खासगी पेढीत मात्र तुमचं काम चाललं तरच नोकरी टिकते.

एनव्हीडीएच्या २०२५.१ या आवृत्तीपासून दुसऱ्या संगणकावरचा एनव्हीडीए लांबून ऐकायची आणि चालवायची सोय आतच आली आहे. गडहिंग्लजच्या मुलाचं अडलं तर शिकवणाऱ्यानं कोल्हापुरातून बसल्या जागी बघावं, एसटीचा फेरा वाचतो. बँकेत बसणाऱ्यांसाठी पडदा काळा करायची सोयही आहे: काम चालू राहतं, काउंटरपलीकडच्याला खातेदाराची बाकी दिसत नाही.

आमचा शेरा: शिकायला आणि वर्ड, एक्सेल, मेल, ब्राउझर यांवरच्या कामाला एनव्हीडीए पुरतो. हिशोबाच्या पॅकेजवर तपासल्याशिवाय होकार देऊ नये. तपासायला पेन ड्राइव्हवर त्याची पोर्टेबल प्रत ठेवता येते, मॅनेजरकडून दहा मिनिटं मागून घ्यायची. पण बऱ्याच बँकांत पेन ड्राइव्ह बंद असतो, आणि पोर्टेबल प्रतीला विंडोजचा परवानगी मागणारा पडदा वाचता येत नाही. म्हणून रुजू होताना संगणक विभागाकडून तो रीतसर बसवून घ्या. तेव्हाच साइन-इनच्या पडद्यावरही तो चालू व्हावा ही खूण करून घ्या, आणि आपला आवाज-वेगही तिथं लागू करायला सांगा. हे राहिलं तर मशीन चालू होतं, पण मुकं. आणि रोज सकाळी पासवर्ड टाकायला शेजारच्या टेबलावरून कुणाला तरी उठवावं लागतं.